अरबांचं राज्य शंभर वर्षांत पसरलं, मग इस्लाम पसरायला तीनशे का लागली?

दप्तरखाना

इस्लामच्या सुरुवातीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक, "तलवारीच्या जोरावर पसरला." दुसरं, "तलवारीचा काही संबंध नाही, समता दिसली म्हणून लोक आपणहून आले." दोन्ही बाजू ज्या काळावरून भांडतात, त्या काळातली कागदपत्रं मात्र या दोन्हींत नीट बसत नाहीत. म्हणून हा धागा. आजचं राजकारण कृपया दाराबाहेर ठेवा. सातव्या ते नवव्या शतकापुरतं बोलू.

सुरुवात मेंढ्यांपासून करतो. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इजिप्तमध्ये सापडलेला पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचा) एक तुकडा आहे. तारीख हिजरी सन २२, म्हणजे इ.स. ६४३. पैगंबरांच्या निधनाला जेमतेम अकरा वर्षं झालेली. मजकूर ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही भाषांत, आणि विषय काय, तर पावती! अब्दुल्ला बिन जाबिर नावाचा अमीर फौज घेऊन हेराक्लिओपोलिस या गावी (अरब त्याला अहनास म्हणत) उतरला आणि ख्रिस्तोफोरोस व थिओडोराकिओस या तिथल्या ख्रिस्ती अंमलदारांच्या माणसांकडून त्याने ६५ मेंढ्या घेतल्या. अरबी मजकुरात फोडही दिली आहे: कापायच्या ५० आणि आणखी १५. खलाशी, घोडेस्वार आणि चिलखती पायदळ यांच्या पोटासाठी. खाली लिहिणाऱ्याचं नाव, इब्न हदीद. मागच्या बाजूला ग्रीकमध्ये शेरा आहे की या मेंढ्या इथे आलेल्या लोकांना दिल्या, करापोटी आगाऊ भरणा म्हणून.

आता बघा. जिंकून आलेली फौज मेंढ्या नेते, फुकट नेते असंच म्हणा, पण पावती देते आणि ती रक्कम करात वळती होते. गावचा ख्रिस्ती अंमलदार आपल्या जागी तसाच आहे. ग्रीक लिहिणारा कारकून तसाच आहे. बदललाय तो फक्त वरचा धनी. कोणी कोणाला "कलमा पढ" म्हटल्याचा त्यात मागमूस नाही.

मोठा नकाशा सगळ्यांना माहीत असतो, तरी भराभर सांगतो. ६२२ हिजरत (मक्केहून मदिनेला जाणं), ६३० मक्का हातात, ६३२ पैगंबरांचं निधन. ६३६ यरमूकला बायझंटाइन (पूर्व रोमन) फौज मोडली. त्याच सुमारास कादिसियाला सासानी (इराणी) फौज मोडली. ६४२ पर्यंत अलेक्झांड्रिया हातात, ६५१ मध्ये शेवटचा सासानी राजा यझ्दगर्द मर्वजवळ मारला गेला. ७११ मध्ये एकाच वर्षी स्पेन आणि सिंध. म्हणजे शंभर वर्षांच्या आत अटलांटिकपासून सिंधूपर्यंत.

पण या सगळ्या मुलखात मुसलमान किती होते? रिचर्ड बुलिएट या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये इराणसाठी एक खाशी युक्ती वापरली. जुन्या चरित्रकोशांत विद्वानांच्या वंशावळी असतात: अमुक बिन तमुक बिन फलाणा. वर जात जात एका पिढीला अरबी नाव संपतं आणि इराणी नाव लागतं. तिथे त्या घराण्याचा पहिला मुसलमान सापडला. अशी शेकडो घराणी मांडून त्याने आलेख काढला. ७५० च्या आसपास, म्हणजे राज्य येऊन शंभर वर्षं झाल्यावर, आकडा दहा टक्क्यांच्याही खाली. निम्म्यावर यायला नवव्या शतकाचा मध्य उजाडला. इजिप्तमध्ये तर त्याहून उशीर झाला.

माझं म्हणणं एवढंच की राज्य पसरणं आणि धर्म पसरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आपण त्या एकात एक घालून टाकतो. मधली दोनशे वर्षं काय चाललं होतं, त्यावर बोलू या.

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. पण आमच्यासारख्या ढ विद्यार्थ्यांसाठी एक पायरी मागे याल का? मुळात मक्केत असं काय सांगितलं गेलं की लोक एवढे चवताळले? देव एक आहे म्हटल्यावर राग यायचं कारण काय?

खाडीपलीकडे

पाटीपेन्सिल, मी प्रयत्न करतो. आमच्याकडे मदरशात लहानपणी पाठ करून घेतात ते असं: एक अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याच्या किताबा, त्याचे पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर. यांवर इमान. आणि करायच्या गोष्टी पाच: कलमा, नमाज, रोजे, जकात, हज. पण ही रांगेत लावलेली यादी नंतरची आहे. मक्केतल्या पहिल्या दहा-बारा वर्षांत रोज्यांचा आणि जकातीचा असा नियम बसलेला नव्हता. रमजानचे रोजे मदिनेत गेल्यावर आले. किब्लाही (नमाजीला तोंड करायची दिशा) आधी जेरुसलेमकडे होता. ६२४ मध्ये तो काबेकडे फिरवला.

मक्केतल्या सुरुवातीच्या सूरा (कुरआनातले अध्याय) छोट्या आणि धारदार आहेत. त्यांत वारंवार काय येतं? मेल्यावर उठवलं जाईल आणि हिशेब होईल. अनाथाला ढकलून देऊ नका. मापात मारू नका. पैसा मोजत बसणाऱ्याला तो पैसा वाचवणार नाही. कुरैशांना (मक्केतल्या बड्या कबिल्याला) दोन गोष्टी झोंबल्या. काबेत कबिल्यांची दैवतं होती, लोक तिथे यायचे, त्यावर शहराचा मान आणि धंदा उभा होता. लात, उझ्झा, मनात या तीन देवींची नावं तर खुद्द कुरआनात आहेत. आणि दुसरं म्हणजे, "मग आमचे बापजादे कुठे गेले? नरकात?" हा प्रश्न. कबिल्यांच्या समाजात वाडवडिलांना नावं ठेवणं म्हणजे सरळ अंगावर जाणं.

पहिल्या विश्वास ठेवणाऱ्यांत पैगंबरांच्या पत्नी खदिजा, चुलतभाऊ अली, मित्र अबू बक्र, आणि बिलालसारखे हबशी गुलाम होते. ज्यांच्या पाठीशी कबिला होता ते वाचले, ज्यांना कोणी नव्हतं त्यांनी मार खाल्ला. म्हणून ६१५ च्या सुमारास एक गट समुद्र ओलांडून अबिसिनियाला (आजच्या इथिओपियाकडे) गेला. तिथला राजा ख्रिस्ती. त्याच्यापुढे जाफर बिन अबी तालिब यांनी सूरा मरियम वाचून दाखवली आणि त्याने आसरा दिला, असं सीरेत (पैगंबरांच्या परंपरागत चरित्रात) येतं. म्हणजे मुसलमानांना पहिला आसरा मिळाला तो एका ख्रिस्ती राजाकडे.

शिळाप्रेमी

खाडीपलीकडे, छान लिहिलंय. त्यात एक भर घालतो. "अरबस्तानात सगळे मूर्तिपूजक होते आणि एकदम एकेश्वरवाद आला" हे चित्र शिलालेखांनी बरंच बदललंय. येमेनमधल्या हिम्यर राजांनी इ.स. ३८० च्या सुमाराला जुन्या देवांची नावं लेखांतून काढूनच टाकली. पुढे शंभर-दीडशे वर्षं लेखांत एकच देव दिसतो, "रहमानन". राजघराण्याचा ओढा यहुदी धर्माकडे होता. ५२३ मध्ये तिथल्या यूसुफ राजाने नजरानच्या ख्रिस्ती लोकांची कत्तल केली, मग अबिसिनियाने स्वारी करून येमेन घेतलं. अब्रहा हा त्या ख्रिस्ती राजवटीतलाच, आणि त्याचेही लेख आहेत. उत्तरेला घस्सानी अरब ख्रिस्ती, हीरामध्ये (आजच्या इराकात) मोठी ख्रिस्ती वस्ती, यस्रिब (पुढची मदिना) आणि खैबरला यहुदी कबिले.

तेव्हा मक्केतल्या माणसाला इब्राहिम, मूसा, मरियम ही नावं परकी नव्हती. कुरआन गोष्टी सांगतोही अशा की ऐकणाऱ्याला त्या आधीच ठाऊक आहेत.

तिरकस

सगळं गोग्गोड चाललंय, म्हणून विचारतो. बनू कुरैझाचं काय? ६२७ मध्ये खंदकाच्या लढाईनंतर एका अख्ख्या यहुदी कबिल्यातले पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली. हे काही इस्लामच्या शत्रूने लिहिलेलं नाही, तुमच्या सीरेतच आहे. मग "कागदपत्रं तिसरंच सांगतात" हे कसं?

दप्तरखाना

तिरकस, प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. हो, सीरेत ते आहे आणि आकडा शेकड्यांत आहे. कैनुका आणि नदीर या दोन कबिल्यांना त्याआधी मदिनेबाहेर काढलं होतं. कुरैझांवर ठपका असा की वेढ्याच्या वेळी त्यांनी आतून शत्रूशी संधान बांधलं. निवाडा त्यांचाच जुना दोस्त औस कबिला, त्याचा सरदार साद बिन मुआझ याच्याकडे सोपवला होता. हे समर्थन म्हणून सांगत नाही. घटना क्रूरच आहे.

पण तो कबिला मुसलमान झाला नाही म्हणून मारला गेला, असं सीराही म्हणत नाही. त्याच मदिनेतला आधीचा करार बघा. बनू औफचे यहुदी मोमिनांबरोबर (श्रद्धावंतांबरोबर) एक समूह आहेत, यहुद्यांना त्यांचा दीन (धर्म) आणि मुसलमानांना त्यांचा, असं त्यात कलम आहे. सुरुवातीचा समूह धर्माइतकाच युद्धाचा आणि खुनाच्या भरपाईचा करार होता. मोडला की शिक्षा कबिल्याची व्हायची. औस आणि खझ्रज यांची आपापसांतली भांडणं मिटवायला बाहेरचा पंच हवा होता, म्हणून तर यस्रिबच्या लोकांनी पैगंबरांना बोलावलं.

तिरकस

म्हणजे राजकीय कत्तल, धार्मिक नाही. मेलेल्याला काय फरक पडतो?

दप्तरखाना

मेलेल्याला काहीच नाही. "धर्म कसा पसरला" असं विचारणाऱ्याला मात्र पडतो.

संपादक मंडळ

दोघांनाही विनंती, विषयाला धरून बोला. धागा चांगला चालला आहे.

नकाशावेडा

कोणीतरी विचारायच्या आत सांगतो: बायझंटाइन आणि सासानी या दोन महासत्ता एवढ्या पटकन कोसळल्या कशा?

कारण त्या आधीच एकमेकींना मारून थकल्या होत्या. ६०२ ते ६२८, सव्वीस वर्षं युद्ध. ६१४ मध्ये इराण्यांनी जेरुसलेम घेतलं आणि ख्रिस्त्यांचा पवित्र क्रूस उचलून नेला, ६१९ पर्यंत इजिप्त घेतला, ६२६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला. मग बायझंटाइन सम्राट हेराक्लियसने बाजी उलटवली. ६२७ च्या डिसेंबरात निनवेजवळ इराणी सेना मोडली, आणि पुढच्या वर्षी इराणचा बादशहा खुस्रो याला त्याच्याच माणसांनी मारलं. त्यानंतर चार वर्षांत इराणच्या गादीवर इतके जण आले-गेले की यादी पाठ करणं मुश्कील. ६३२ मध्ये पोरवयाचा यझ्दगर्द बसवला. तेच साल, ज्या साली मदिनेत पैगंबर गेले.

या युद्धाची बातमी मक्केपर्यंत पोचत होती. "रूमचा (बायझंटाइनांचा) पराभव झालाय" अशी सुरुवात असलेली सूरा कुरआनातच आहे. त्याआधी ५४१ पासून प्लेगच्या लाटा. शिवाय दोन्ही बादशहांनी वाळवंटाच्या कडेला राखण करणारी अरब संस्थानं पोसली होती. इराणच्या बादशहाने हीराचं लखमी घराणं ६०२ च्या सुमारास स्वतःच मोडून टाकलं. राखणदाराला घालवलं आणि मग म्हणे चोर आले.

आणखी एक. येशूच्या स्वरूपावरून वाद झालेल्या ४५१ च्या खाल्सेडन धर्मपरिषदेपासून सीरिया-इजिप्तमधले बहुसंख्य ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच्या लेखी पाखंडी होते. त्यांचे बिशप लपूनछपून फिरत. अरब आल्यावर कॉप्टांचा (इजिप्तच्या ख्रिस्त्यांचा) धर्मप्रमुख बेंजामिन अज्ञातवासातून बाहेर आला. म्हणून "कॉप्टांनी अरबांना आरत्या ओवाळल्या" असं काही लोक लिहितात, ते मात्र पटत नाही. ६४० च्या सुमाराच्या सिरियाक नोंदींत गाझाजवळ, ६३४ च्या फेब्रुवारीत, मुहंमदाच्या अरबांशी लढाई झाली आणि चार हजार गरीब गावकरी मारले गेले असं लिहिलंय. त्यात ख्रिस्ती, यहुदी, शोमरोनी (यहुद्यांना जवळचा पंथ) सगळे होते. तलवार होतीच. ती धर्म विचारून चालत नव्हती.

पाटीपेन्सिल

मग एवढं जिंकल्यावर जेत्यांनी लोकांना मुसलमान का केलं नाही? दहा टक्क्यांच्या खाली हा आकडा पचत नाही.

निवृत्त_महसूल

पाटीपेन्सिल, हा माझा विषय. हयात सारावसुलीत गेली, त्यामुळे या गोष्टी वाचताना मला हसू आवरत नाही.

गणित सोपं आहे. फौजेला ठरावीक तनखा मिळायचा. खलिफा उमर यांनी त्यासाठी दिवान नावाचं रजिस्टर सुरू केलं. कोण आधी इस्लाममध्ये आला, कोण बद्रच्या पहिल्या मोठ्या लढाईत लढला, त्या क्रमाने रक्कम. हा पैसा यायचा कुठून? जिंकलेल्या मुलखातल्या बिगर-मुसलमानांच्या जिझियातून आणि जमिनीच्या साऱ्यातून. उद्या सगळा गाव मुसलमान झाला तर तनखा कोण देणार? शिवाय फौज गावांत राहतच नव्हती. तिच्यासाठी बसरा, कूफा, फुस्तात, पुढे ६७० मध्ये कैरवान अशी छावणीची शहरं वसवली. गाव तसंच, देऊळ-चर्च तसंच, हप्ता आला पाहिजे.

आणि मग इराकमध्ये खरी पंचाईत झाली. शेतकरी इस्लाम स्वीकारून नांगर टाकून बसऱ्याला यायला लागले. सारा बुडाला. सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याने काय करावं? "स्वागत असो" म्हणाला? छे. त्यांना धरून गावी परत पाठवलं आणि कर चालूच ठेवला! मुसलमान राज्याचा सुभेदार नव्या मुसलमानांना हाकलतोय. वसुलीचा आकडा गाठायचा असला की अंमलदाराला धर्म-बिर्म दिसत नाही हो, मी खात्यातला माणूस आहे.

पुढे ७१७ मध्ये उमर बिन अब्दुल अझीझ खलिफा झाले. भला माणूस. त्यांनी हुकूम काढला की जो मुसलमान होईल त्याचा जिझिया माफ. खुरासानच्या (ईशान्य इराणकडच्या मुलखाच्या) सुभेदाराने अडचण सांगितली: हे लोक कर चुकवायला येतात, सुंता झाली आहे का तपासू का? खलिफांनी कळवलं की अल्लाहने मुहंमदांना बोलावणारा म्हणून पाठवलं, सुंता करणारा म्हणून नाही. पण ते ७२० मध्ये वारले, आणि पुढच्यांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शिळाप्रेमी

निवृत्त_महसूल, मग तुम्हाला कुर्रा बिन शरीकची पत्रं आवडतील. ७०९ ते ७१४ इजिप्तचा सुभेदार. कोम इश्काव या गावात १९०१ मध्ये त्याची पत्रं सापडली, अरबीत आणि ग्रीकमध्ये. बहुतेक बासिलिओस नावाच्या ख्रिस्ती अंमलदाराला लिहिलेली. हप्ता थकला, लगेच पाठव, उशीर केलास तर बघ. आणि लगेच पुढच्या पत्रात तंबी: रयतेवर जुलूम करू नकोस.

निवृत्त_महसूल

म्हणजे आमच्या वरिष्ठांची पत्रंच की!

यावरून दफ्तराच्या भाषेचा किस्सा सांगतो. साठ-एक वर्षं इराकचं दफ्तर फारसीत आणि सीरिया-इजिप्तचं ग्रीकमध्ये चाललं. दमास्कसला खलिफांच्या खजिन्याचा कारभार सरजून बिन मन्सूर या ख्रिस्ती माणसाकडे होता. संत जॉन ऑफ दमास्कस म्हणतात तो याच घराण्यातला. खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात दफ्तर अरबीत करायचं ठरलं. इराकमध्ये सालिह बिन अब्दुर्रहमान नावाच्या कारकुनाने "मी करून दाखवतो" म्हटलं. जुन्या फारसी कारकुनांचं धाबं दणाणलं. त्यांनी त्याला एक लाख दिरहम देऊ केले, फक्त एवढं सांग की हे काम जमत नाही! त्याने घेतले नाहीत. ही गोष्ट नवव्या शतकातल्या बलाझुरी या इतिहासकाराने दिली आहे. माझा तिच्यातल्या एका अक्षरावरही अविश्वास नाही.

दप्तरखाना

जबरी किस्सा. याच खलिफाची नाणी बघा. आधीची नाणी म्हणजे खुस्रोचा चेहरा तसाच ठेवून कडेला "बिस्मिल्लाह" उमटवलेली. ६९६-९७ मध्ये पहिल्यांदा चित्र पूर्ण काढून फक्त अक्षरांचा दिनार आला. जेरुसलेमची सोनेरी घुमटाची इमारत हिजरी ७२ ची, तीही याचीच. तिच्या आत जो लांबलचक लेख आहे त्यात ईसा (येशू) मरियमचा पुत्र आणि अल्लाहचा पैगंबर आहे, देव "तीन" म्हणू नका, असं ख्रिस्त्यांना उद्देशून लिहिलंय. पैगंबरांच्या निधनानंतर साठ वर्षांनी राज्य पहिल्यांदा स्वतःचा धर्म एवढ्या मोठ्या आवाजात सांगू लागलं.

तिरकस

सीरा, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) या गोष्टी दीडशे-दोनशे वर्षांनी लिहिल्या. सीरा लिहिणारा इब्न इस्हाक ७६७ च्या सुमारास गेला, त्याचं पुस्तक आपल्याला मिळतं ते ८३३ ला वारलेल्या इब्न हिशामच्या काटछाटीतून. हदीस गोळा करणारे बुखारी ८७० ला गेले. मग इथे सगळे "असं झालं, तसं झालं" कशाच्या बळावर सांगताय?

शिळाप्रेमी

हा आक्षेप अभ्यासकही घेतात. १९७० नंतर काहींनी तर सगळी परंपराच बाजूला ठेवून बघितली. पण त्यानंतर समकालीन पुरावा वाढत गेलाय आणि तो परंपरेच्या ढोबळ चौकटीला धरूनच आहे. सौदीत अल-उलाच्या बाजूला खडकावर एकाने कोरलंय: मी झुहैर, उमर वारले त्या वेळी, सन चोवीस, हे लिहिलं. इ.स. ६४४. इथे ना राजा ना दरबार, वाटसरूने कोरलेली ओळ आहे आणि खलिफाच्या मृत्यूचं साल बरोबर जुळतं. बर्मिंगहॅमच्या कुरआनच्या पानांच्या चामड्याची कार्बन तारीख ५६८ ते ६४५ या टप्प्यात आली, हे २०१५ मध्ये जाहीर झालं. संवाद, चमत्कार, कोण कोणाला काय म्हणाला, हे तपशील सावधपणे घ्यावेत. पण मक्का, मदिना, मुहंमद, उमर, लढायांचा क्रम, हे काही नंतर रचलेलं नाही.

पाटीपेन्सिल

भारतात सगळ्यात आधी कुठे आले मग? केरळात ६२९ ची मशीद आहे म्हणतात.

नकाशावेडा

ती परंपरा आहे, त्या काळातला पुरावा नाही. त्यापेक्षा आपलं ठाणं घ्या ना! बलाझुरीच लिहितो की हिजरी १५ मध्ये, म्हणजे ६३६ च्या सुमारास, बहरीन-ओमानचा सुभेदार उस्मान बिन अबिल-आस याने ठाण्यावर जहाजं पाठवली. खलिफा उमर यांना न विचारता. कळल्यावर ते भडकले. म्हणाले, तू किड्याला लाकडावर बसवून समुद्रात सोडलंस, ती माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या कबिल्यातून वसूल केली असती. यरमूकच्याच साली ठाण्याच्या खाडीत अरब गलबतं, आणि मदिनेत त्यावरून बोलणी. अर्थात बलाझुरी ८९२ ला वारला, म्हणजे हेही अडीचशे वर्षांनंतरचंच, तिरकसरावांनी लगेच लिहायच्या आत सांगून ठेवतो.

शिळाप्रेमी

ठाण्याच्या पुढचा दुवा चिंचणीचा. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला ताम्रपट मिळाले, त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाणच्या मंडलावर ताजिक, म्हणजे अरब, समाजातला मधुमती नावाचा अंमलदार नेमला. मधुमती म्हणजे मुहंमद, संस्कृत वळणाचा. या गृहस्थाने नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. आणि ताम्रपट कशाचा, तर अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला जमीन दिल्याचा. राष्ट्रकूटांचा मुसलमान सुभेदार देवीच्या मठाला दान देतोय.

त्याच्या दहाच वर्षं आधी मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला होता. त्याने तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान असल्याचं लिहिलंय: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांचा मुखिया त्यांच्यातलाच, पण नेमणूक राजाची.

खाडीपलीकडे

चौलचं नाव निघालं म्हणून. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे (धर्मशास्त्राच्या पंथाचे), घाटावरचे बहुतेक हनफी. त्यावरून कोणाकडे दीन समुद्रावरून आला आणि कोणाकडे उत्तरेतून जमिनीवरून, ते कळतं असं आमच्याकडे म्हणतात. केरळचे मापिला, भटकळचे नवायत, पार इंडोनेशियापर्यंत शाफईच. रोजच्या जगण्यात फरक कुठे दिसतो? असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजीची वेळ आमची आधी होते, त्यांची उशिरा. आणि दुसरा फरक ताटात. हनफी मतात समुद्रातले फक्त मासे चालतात, मग कोळंबी मासा की किडा यावर त्यांच्यात वाद. आम्हाला असला प्रश्नच पडला नाही. कोळंबी सोडून कोकणात राहायचं कसं?

दप्तरखाना

कोळंबीचा पुरावा मान्य! फक्त इमाम शाफई स्वतः ८२० मध्ये वारले आणि मजहब म्हणून ते मत त्यानंतर घडलं. तेव्हा मसूदीने पाहिलेले चौलचे लोक शाफईच असतील असं धरता येत नाही. येमेन आणि तिथल्याच बाजूच्या हद्रमौतशी पुढची कित्येक शतकं जी ये-जा राहिली, तिचा तो ठसा असावा.

खाडीपलीकडे

तेही बरोबर. आमच्यातल्या काही घराण्यांचा हद्रमौतशी संबंध सांगतातच.

पाटीपेन्सिल

शेवटचा प्रश्न. इराण-इजिप्तमध्ये लोक नवव्या शतकात एकदम का वळले मग? आधी कोणी बोलवत नव्हतं, नंतर काय झालं?

दप्तरखाना

एकदम नाही, साचत गेलं. युद्धकैदी आणि गुलाम मालकाच्या घरात मुसलमान झाले, सुटले, मवाली (म्हणजे कबिल्याच्या आश्रयातले अरबेतर मुसलमान) म्हणून त्याच कबिल्याशी जोडले गेले. त्यांची मुलं अरबी बोलत वाढली. छावण्यांची शहरं झाली, तिथे काम होतं. दफ्तर अरबीत गेल्यावर कारकुनाच्या पोराला अरबी शिकणं भाग पडलं. मुसलमान पुरुषाची ख्रिस्ती बायको चाले, पण मुलं मुसलमान. ७५० मध्ये अब्बासी घराणं खलिफापदावर आलं ते खुरासानच्या फौजेच्या बळावर, आणि त्यात मवाली भरपूर. त्यानंतर अरब नसलेल्या मुसलमानाला वर जायचा रस्ता खुला झाला. बगदादचे बरमकी वजीर मुळात बल्खच्या बौद्ध विहाराच्या प्रमुखांच्या घराण्यातले. आणि गावातले चार घरं गेली की पाचव्याला आपल्या जुन्या धर्माची सोयरीक मिळेना, हाही भाग असणार.

इजिप्तमध्ये आणखी एक घटना आहे. कराच्या जाचाला कंटाळून कॉप्टांनी आठव्या शतकात पुन्हा पुन्हा बंडं केली. शेवटचं मोठं ८२९ ते ८३२, नाईलच्या मुखाजवळच्या बश्मूरच्या दलदलीत ते जास्त चिवटपणे चाललं. खलिफा मामून स्वतः फौज घेऊन आला. पुरुष मारले, बायकामुलं विकली. पंधराव्या शतकातला इतिहासकार मक्रीझी लिहितो की त्यानंतर कॉप्टांची ताकद मोडली आणि गावांतून मुसलमानांची संख्या वाढली.

तिरकस

आली का शेवटी तलवार? हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

नकाशावेडा

आली. पण ते बंड एकट्या कॉप्टांचं नव्हतं. खालच्या इजिप्तमधले अरब मुसलमान शेतकरीही त्यात त्यांच्या बाजूने होते, त्याच कराविरुद्ध.

निवृत्त_महसूल

सारा दोघांनाही सारखाच होता का याचा तपशील कोणाकडे असेल तर टाका. नवीन धागा काढलात तरी चालेल.

तिरकस

अरब शेतकऱ्यांचा मुद्दा माहीत नव्हता, वाचतो. बनू कुरैझाबद्दल मात्र माझं मत तेच.